हार स्वतः करा, नावं त्यांची लिहा

दोस्तहो, जानेवारी उजाडला की कॉलेजात दोन तारखांची धावपळ ठरलेली असते. १२ ला चार हुतात्म्यांना अभिवादन आणि २६ ला प्रजासत्ताक दिन. कुणीतरी हारवाल्याला फोन लावतं, ‘मोठं पुष्पचक्र पाहिजे, कॉलेजचं नाव ठळक टाका.’ सकाळी रिक्षातून चक्र येतं, सर ते वाहतात, फोटो निघतो, स्टेटस पडतं. झालं अभिवादन!

माझं म्हणणं सरळ आहे. यंदा हे चक्र विकत आणू नका. वर्गात बसून स्वतः करा.

का? आधी ते चक्र कुणाला वाहायचं ते बघू. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापुरातले गिरणी कामगार रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला. मग सरकारनं शहरात मार्शल लॉ पुकारला. नुसता तिरंगा हातात धरला म्हणून त्या दिवसांत लोकांना शिक्षा झाल्या. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. ही चार आडनावं एकदा मोठ्यानं म्हणून बघा. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी. आपल्या पेठांमधून चालताना जी आडनावं दारांवर दिसतात, तीच!

आपण पुण्याला जाताना ‘हुतात्मा’ पकडतो, ‘हुतात्मा स्मृती मंदिरा’त गॅदरिंगला नाचतो. पण चारही नावं न अडखळता सांगणारे वर्गात किती निघतील? म्हणून हार स्वतः करायचा. चक्र बांधायला दोन तास लागतात, आणि हात कामात असले की माणसं बोलतात. कुणीतरी विचारतंच, ‘हे कोण होते बे, आणि त्यांना फाशी कशापायी दिली?’ विकतच्या हाराला हा प्रश्न कुणीच विचारत नाही.

आता खर्चाचं. १२ तारीख गड्ड्याच्या आणि संक्रांतीच्या तोंडावर येते, त्यामुळे फुलं महाग असतात. तरीही दीड फूट व्यासाचं चक्र दीडशे-दोनशे रुपयांच्या आत बसतं, कारण फुलं सोडली तर बाकीचं सामान आपल्या गावात पडलेलंच असतं.

सांगाडा म्हणून बुरुडाकडून बांबूची एक लांब कामटी आणा. ती रात्रभर पाण्यात भिजवा, गोल वाकवा आणि टोकं सुतळीनं घट्ट बांधा. सायकलची जुनी रिम मिळाली तर आणखी बरं. त्यावर चिंध्या गुंडाळा. चादरी आणि टॉवेलांच्या या गावात चिंध्यांना काय तोटा? गुंडाळी दोन बोटं जाड झाली की कडुनिंबाच्या किंवा अशोकाच्या डहाळ्या एकाच दिशेनं, एकीवर एक चढवत सुतळीनं बांधत जा. बांधलेली देठं पुढच्या डहाळीखाली झाकली जातात. एवढ्या गोलाला मध्यम आकाराचा झेंडू एका ओळीत साधारण तीस लागतो, म्हणजे दोन ओळींना अर्धा किलो पुरे. फुलं जाड दोऱ्यात ओवा आणि तो सर पानांवर ठेवून चार-चार बोटांवर बांधा. मधे पांढरी शेवंती घातली की केशरी, पांढरा, हिरवा असे तिन्ही रंग आपोआप येतात. मागून दोन काठ्या तिरक्या बांधल्या की चक्र उभं राहतं. पानांचं काम आदल्या संध्याकाळी करा, फुलं सकाळी लावा.

थर्माकोल आणि प्लास्टिकची फुलं मात्र नकोत. सजावटीच्या थर्माकोलवर आणि प्लास्टिकच्या झेंड्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. देशासाठी गेलेल्यांना देशाचा कायदा मोडून कसलं अभिवादन? आणि २६ ला उत्साहाच्या भरात हार ध्वजस्तंभावर टांगू नका. ध्वजसंहितेप्रमाणे ध्वजस्तंभावर फुलं, हार काहीही लावता येत नाही. ध्वजाच्या घडीत पाकळ्या ठेवायला मात्र परवानगी आहे.

यावर तुम्ही म्हणाल, हारवाल्यांच्या पोटाचं काय? प्रश्न रास्त आहे. फुलं त्यांच्याकडूनच घ्या, भाव फार पाडू नका, आणि जमलं तर एखाद्या हारवाल्या मावशींनाच शिकवायला बोलवा, त्यांच्या वेळेचे पैसे देऊन. त्यांच्या बोटांत जी सफाई आहे ती कुठल्याही व्हिडिओत नाही. दुसरा आक्षेप असा येईल की घरचं चक्र वेडंवाकडं दिसेल. दिसू दे की. लग्नाचं स्टेज सजवायला कुठं निघालोय?

माझा खरा आग्रह वेगळाच आहे, तो पट्टीबद्दल. चक्रावर आडवी पट्टी असते आणि तिच्यावर कॉलेजचं, मंडळाचं, पक्षाचं, नेत्याचं नाव असतं. ज्यांना वाहायचं त्यांचं नाव कुठंच नसतं! यंदा पांढऱ्या सुती कापडाची पट्टी घ्या आणि त्यावर चौघांची नावं रंगानं, सुवाच्य अक्षरात लिहा. आपलं नाव लिहायचंच नाही. फोटोत कॉलेज दिसणार नाही म्हणून कुणी कुरकुर करेल. करू दे. त्या चौघांनी काही फोटोसाठी केलं नव्हतं.

आणि शेवटचं एक काम, ज्याला कुणीच हात वर करत नाही. १३ तारखेला सकाळी चौकात जाऊन आपलं चक्र उचलून आणायचं. फुलं-पानं कॉलेजच्या झाडांच्या आळ्यात टाकायची. कामटी, चिंध्या आणि नावांची पट्टी नीट ठेवायची, २६ ला परत उपयोगी पडतात. पुढच्या वर्षी तेच सामान ज्युनियरच्या हातात द्या, आणि देताना चारही नावं पाठ म्हणून घ्या.

तर मग, १३ ला कोण कोण येतंय? आजच ग्रुपवर नावं टाका.