विश्लेषण : घाट उतरताना गाडी गिअरमध्येच का हवी?

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी ताम्हिणी, माळशेज, आंबोली घाटांत मोटारींच्या रांगा लागतात. घाट चढताना खालचा गिअर टाकावाच लागतो, नाही तर गाडी पुढे सरकत नाही. उतरताना मात्र ती आपोआप पळते. त्यामुळे अनेक जण गाडी न्यूट्रल करतात, किंवा वरच्या गिअरमध्येच ब्रेकवर पाय दाबून उतरत राहतात. ही सवय जीवघेणी ठरू शकते. पण सारा दोष चालकांवर ढकलून भागणार नाही. उतार कसा उतरायचा, हे त्यांना धड शिकवलेच जात नाही.

ब्रेक दगा का देतात?

पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला येताना गाडी 500 मीटरहून अधिक खाली येते. माणसांसह 1,200 किलो वजनाची मोटार 500 मीटर उतरते, तेव्हा मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेत साधारण 18 लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण त्यातला काही भाग घेतात. गाडी न्यूट्रलमध्ये असेल, तर उरलेली सगळी उष्णता ब्रेकच्या वाट्याला येते. डिस्क आणि पॅड फार तापले की पकड कमी होते. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ‘डॉट 3’ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो. ओलावा शिरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा 140 अंशच आहे. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही.

खालचा गिअर काय करतो?

खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. त्यात त्यांची शक्ती खर्च होते आणि गाडीचा वेग आवरला जातो. याला ‘इंजिन ब्रेकिंग’ म्हणतात. ब्रेक मग वळणापुरते आणि थांबण्यापुरते उरतात, अधूनमधून थंडही होतात. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा’ हा जुन्या चालकांचा ठोकताळा आजही उपयोगी आहे.

न्यूट्रलने इंधन वाचते का?

कार्ब्युरेटरच्या काळात थोडेफार वाचत असे. सवय तिथूनच आली. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत उलटे घडते. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिनाचे फेरे पुरेसे असेपर्यंत इंधनपुरवठाच बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी इंधन जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर त्याहून वाईट. काही वेळा ब्रेक दाबताच त्याला मिळणारी व्हॅक्युमची मदत संपते, पेडल दगडासारखे घट्ट होते आणि स्टिअरिंगही जड होते.

पुण्यातील नवले पुलाजवळचा उतार याची आठवण देतो. 20 नोव्हेंबर 2022 रोजी तिथे एका मालवाहू ट्रकने सुमारे 48 वाहनांना तडाखा दिला. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते. ट्रक आणि मोटार यांच्या वजनात फरक असला, तरी उताराचा नियम दोघांनाही तोच.

गिअर उतरवायचा कसा?

उतार सुरू होण्याआधीच. आधी ब्रेकने वेग कमी करावा, मग क्लच दाबून एक-एक गिअर खाली यावे. क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटरला हलका स्पर्श केला, तर इंजिनाचे फेरे जुळतात आणि गाडीला हिसका बसत नाही. क्लचची झीजही कमी होते. वेगात असताना पाचव्यातून थेट दुसऱ्यात येणे टाळावे. त्याने इंजिनाचे फेरे मर्यादेबाहेर जाऊ शकतात आणि ओल्या रस्त्यावर चाके घसरू शकतात. आणखी एक गोष्ट : नुसत्या गिअरने वेग कमी केला, तर मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे वाहन असेल, तर ब्रेकला हलकेच पाय लावून त्याला कळू द्यावे.

नियम आहे, सराव कुठे?

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 15 नुसार, परवान्याच्या चाचणीत उतारावर चटकन खालच्या गिअरमध्ये येता येते का, हे पाहणे अपेक्षित आहे. पण सपाट मैदानावर किंवा लहानशा चढावर घेतलेल्या चाचणीत ते दिसणार कसे? सह्याद्री ज्या राज्याच्या मधून जातो, तिथे तरी ही पळवाट परवडणारी नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या अभ्यासक्रमात प्रशिक्षकासह एक घाट उतरणे सक्तीचे करावे आणि चाचणीसाठी खराखुरा लांब उतार निवडावा. जिथे जवळ घाट नाही, तिथे सिम्युलेटर वापरता येईल. खर्च थोडा वाढेल, पण नवख्या चालकाचा पहिला घाट कुटुंबाला मागे बसवून उतरला जाणार नाही.