टाळ्यांनी पोट भरत नाही

मल्ल विजयी होतो तेव्हा तो साऱ्या राष्ट्राचा असतो. थकतो तेव्हा मात्र केवळ घरच्यांचा उरतो. गामा पहिलवानाचे चरित्र हेच सांगते. हिंदुस्थान परतंत्र असता १९१० साली या मल्लाने लंडनास जाऊन पाश्चात्त्य मल्लांस आव्हान दिले व अमेरिकेच्या डॉक्टर रोलरास चीत केले. १० सप्टेंबर रोजी पोलंडचा झिबिस्को दोन तासांहून अधिक वेळ गादीस चिकटून राहिला, म्हणूनच ती कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने ती पुन्हा ठरली, तेव्हा तो फिरकलाच नाही! पुढे १९२८ साली पतियाळा येथे गामाने त्यास मिनिटाच्या आत अस्मान दाखविले. जित म्हणून हिणविलेल्या लोकांस आपल्या बळाची साक्ष पटली.

गामाचा खुराक दरबारांच्या आश्रयावर चाले. संस्थाने गेली, तो आश्रयही गेला. फाळणीनंतर लाहोरास त्याची अखेरची वर्षे आजारात व ओढगस्तीत गेली. १९६० साली तो वारला. राजाश्रय गेला याचे आम्हांस दुःख नाही. राजाची मर्जी म्हणजे हक्क नव्हे. परंतु त्याची जागा लोकाश्रयाने घेतली काय? जत्रेच्या फडावर इनामे लावणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी प्रत्येक इनामाचा काही अंश थकलेल्या मल्लांच्या निधीस काढावा, त्याचा हिशेब चव्हाट्यावर मांडावा, आणि सरकारने वृद्ध मल्लांचे वेतन मेहेरबानीने नव्हे, कायद्याने बांधून द्यावे. ज्याच्या विजयात आपण वाटा घेतला, त्याच्या वार्धक्याचा भारही आपलाच होय.