मोडीतली आरास
(एस. वाय. बी. ए.)

आपल्या पिंपरी-चाकण पट्ट्यात बैलगाडीचे चाक सध्या दोनदा विकले जाते. पहिल्यांदा ते गावातून भंगाराच्या टेम्पोत चढते. लोखंडी धाव किलोवर आणि लाकूड सरपणाच्या भावाने. दुसऱ्यांदा ते वॉर्निश लावून हमरस्त्याच्या कडेच्या दुकानात उभे राहते आणि कुणाच्या तरी ‘फार्महाऊस’च्या फाटकाला जाऊन टेकते. मधल्या काळात चाकात काही फरक पडलेला नसतो, भाव मात्र कितीतरी पटींनी चढलेला असतो. हा वाढलेला भाव कशाचा, हा प्रश्न मला गेली दोन वर्षे सतावतो आहे. ज्याला त्या चाकामागून उन्हातान्हात चालावे लागले नाही त्याला ते सुंदर दिसते, आणि जो चालला त्याला ते अंगणातून कधी एकदा जाते असे होते!

सणासुदीला जुन्या घरात जुन्या, मोडीतून आणलेल्या वस्तूंनी केलेली आरास, हा माझ्या लेखाचा विषय आहे. बेकारी, हुंडा, राष्ट्रीय एकात्मता अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत मखराचा विषय बसायला बिचकतो, हे मी जाणते. तथापि वर्षातून चार वेळा आपण घर सजवतो, त्यासाठी उसनेपासने करतो, आणि सजवताना आपण कोण आहोत हेच शेजाऱ्याला सांगत असतो. तेव्हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही.

चाकणपासून दोन कोसांवर आमचे जुने घर आहे. पाच खणांचे, मातीच्या भिंतींचे, वर मंगलोरी कौले. राहण्यासाठी आता रस्त्याच्या कडेला स्लॅबचे घर झाले आहे. जुन्या घरात खताची पोती असतात, भाव पडला की कांदा असतो, आणि भाद्रपदात तीन दिवस गौरी असतात. गौरीची जागा बदलायची नाही, असे आमच्याकडे आहे. म्हणून तेवढ्यासाठी का होईना, ते घर दरवर्षी सारवले जाते, आणि केवळ त्यामुळे ते अजून उभे आहे असे माझे प्रामाणिक मत आहे.

पूर्वी या घरात आरास म्हणजे काय होते? आजीच्या सांगण्याप्रमाणे, विकत काहीच आणायचे नाही. तेरडा बांधावरचा, आघाडा कुंपणाचा. गौरीचे धड म्हणजे मडक्यांची उतरंड, पुढे धान्याची कोठी. मागे आडवे बांधलेले ठेवणीतले लुगडे. वर आंब्याचे टाळे. दसऱ्याला हेच घर झेंडू आणि बाजरीच्या कणसांनी सजायचे, भादवी पोळ्याला बैलांचे हिंगूळ उरले की ते चौकटीला लागायचे. नंतर थर्माकोल आला. पांढराशुभ्र, हलका, हवा तसा कापता येणारा. दोन खांब आणि एक कमान आणली की मातीच्या घरात राजवाडा उभा! त्या राजवाड्याला हसणे सोपे आहे. मी हसत नाही. ज्यांच्या घरात आयुष्यभर शेणाचा आणि कांद्याचा वास होता, त्यांना तीन दिवस संगमरवर हवासा वाटला तर त्यात काय वावगे?

पुढे २३ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. त्या वर्षीच्या गणपतीपुरती तरी सूट मिळावी म्हणून मखरवाले उच्च न्यायालयात गेले. जुलैमध्ये न्यायालयाने ती नाकारली. मग बाजारात ‘पर्यावरणपूरक’ मखरे आली. पुठ्ठ्याची, कापडाची, फोल्डिंगची. चांगली आहेत. पण दरवर्षी नवे पर्यावरणपूरक मखर विकत घ्यायचे आणि अनंत चतुर्दशीनंतर ते कोपऱ्यात भिजू द्यायचे, यात पर्यावरणाची कोणती पूर्ती होते हे मला अद्याप उमगलेले नाही. काटकसर म्हणाल तर तीच वस्तू पुढच्या वर्षी पुन्हा माळ्यावरून खाली यायला हवी.

गेली दोन वर्षे मी आणि माझा चुलतभाऊ आमच्या गौरींची आरास मोडीतून करतो. काय करतो ते जरा सविस्तर सांगते, कारण कुणाला उपयोग होईल.

आपल्या पट्ट्यातली सर्वांत मुबलक मोड म्हणजे पेटाऱ्यांचे लाकूड. चाकणला २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, त्याच सुमारास मर्सिडीज आली, मागोमाग महिंद्र. बजाज आधीपासून होतीच. या सगळ्यांना आणि त्यांना माल पुरवणाऱ्या असंख्य लहान कारखान्यांना देशोदेशींहून यंत्रे आणि सुटे भाग येतात, आणि ते पाइनच्या खोक्यांतून व पॅलेटवरून येतात. खोके फुटले की फळ्या भंगारात. या फळ्या घेताना एक गोष्ट पाहावी. त्यांच्यावर गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह आणि काही अक्षरे डागलेली असतात. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान अर्धा तास तापवून कीडमुक्त केलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडचा विषारी धूर दिलेला असतो. ते घरात आणू नये. तेलकट डाग असलेलीही नको. आम्ही ‘एचटी’च्या फळ्यांच्या तीन पायऱ्या केल्या. रंग दिला नाही, नुसता पॉलिशपेपर मारला. पाइनला वाळवी लवकर लागते, सागवानासारखे ते निर्धास्त नाही, म्हणून सण झाला की फळ्या सुट्या करून माळ्यावर.

पितळ आम्ही पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले. मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी तो भरतो. तिथे एक लामणदिवा मिळाला, त्याची साखळी दुसऱ्याच कुठल्या दिव्याची होती. दोन घंगाळी मात्र घरचीच. काकूने मोडीत घालायला काढली होती, ती वाटेत अडवली. चिंच आणि राख लावून घासली तेव्हा एकाच्या काठावर पणजीचे नाव ठोक्यांनी कोरलेले निघाले. मोडीच्या काट्यावर त्या नावाचे वजन शून्य भरले असते! एका पातेल्याला कल्हई करून घेतली. भांडे तापवायचे, नवसागर टाकून कापसाने पुसायचे, कथील फिरवायचे. धुराचा एक लोट उठतो आणि आतून चांदी उगवते. कल्हईवाला शोधायलाच मला चार दिवस लागले.

पडद्याच्या जागी गोधडी लावली. आणि इथे मला थोडा वाद घालायचा आहे. जुने पुन्हा वापरणे ही जणू परदेशातून आलेली नवी विचारसरणी आहे, अशा थाटात हल्ली ‘थ्रिफ्ट’वर बोलले जाते. अहो, बोहारीण कोण होती? जुने कपडे घेऊन भांडे देणारी, आणि एका पातेल्यासाठी आईशी अर्धा तास हुज्जत घालणारी ती बाई याच शास्त्रातली पंडिता नव्हे काय? चार लुगडी एकावर एक घालून त्यांची गोधडी करणाऱ्या बायकांना कुणी तो शब्द शिकवला नव्हता.

घर जुने असले की सजावटीला मर्यादा पडतात, आणि त्या मर्यादा मला आवडतात. तुळईला खिळा मारायचा नाही, सुतळीने बांधायचे. कोनाडा आहे तिथेच दिवा ठेवायचा. प्रखर फोकस लावला की मातीच्या भिंतीचे सगळे पोपडे दिसतात, साधा पिवळा दिवा लावला की भिंत सोनेरी होते. स्लॅबच्या घरात हीच घंगाळी ठेवून पाहिली. ती दुकानात मांडल्यासारखी दिसली.

आता विरोधी पक्षाची बाजू. ती दोघांनी मांडली आणि दोन्ही वेळा मला नीट विचार करावा लागला.

पहिली बाजू शेजाऱ्यांची. हळदीकुंकवाला आलेल्या एक काकी म्हणाल्या, “एवढी कॉलेजात जाती, अन् गौरीपुढं भंगार मांडलंय व्हय?” त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. ज्याच्या घरी फ्रीज आहे तोच माठाला फुले काढतो. ज्याने गरिबी मागे टाकली आहे याची सर्वांना खात्री आहे, त्यालाच जुन्या वस्तू मिरवता येतात. आमच्या आळीत ती खात्री अजून व्हायची आहे. हप्त्यावर घेतलेल्या प्लास्टिकच्या झुंबराकडे मी याच नजरेने पाहते. तरीसुद्धा मी काकींशी सहमत नाही. आमची घंगाळी टेम्पोत घालून आम्ही वर आलो असे सिद्ध होत नाही. ती दुसऱ्याच्या दिवाणखान्यात गेली एवढेच सिद्ध होते.

दुसरी बाजू आजीची, आणि ती अधिक कठीण आहे. पहिल्याच वर्षी मी आडबाजूला पडलेले जाते धुऊन, खुंट्याला झेंडूची माळ घालून गौरीसमोर मांडले. आजी आली, उभी राहिली आणि म्हणाली, “पोरी, ह्या जात्यानं माझी उमर दळली. पहाटं तीनला उठून दळायची मी, पोटात तुझा बाप व्हता. त्याला काय हार घालतीस? काढ ते.” जाते निघाले. त्यावर मी तिच्याशी वाद घातला नाही, आणि इथेही घालणार नाही. वस्तू सुंदर आहे की नाही हे ठरवण्याचा पहिला अधिकार तिच्यापायी ज्याच्या हाताला घट्टे पडले त्याचा आहे. हॉटेलांच्या दारात जाती मांडून त्यांत पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या सोडतात, ते पाहिले की आता मला आजीचा हात आठवतो.

याच संदर्भात दोन उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात. पुण्यात दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी ‘अज्ञातवासी’ यांनी, १९२० च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, दरवाजे, दौती असल्या घरगुती वस्तू गोळा केल्या, आणि १९६२ मध्ये तो सारा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. लोक ज्या वस्तू मोडीत घालत होते त्यांच्यात कारागिराचा हात त्यांना दिसला. त्यांच्या संग्रहालयात साध्या दिव्यापुढेही माणूस थबकतो. दुसरे उदाहरण हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांचे. त्यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. तो संग्रह एक लाखाच्या वर गेला. बायांनी दळताना जे भोगले आणि जे म्हटले ते त्यांनी जपले. जात्यासमोर झेंडूची माळ घेऊन उभ्या असलेल्या माझ्यासारखीला यांतले दुसरे काम पहिल्याहून जवळचे वाटते.

आणखी एक गोष्ट आपण आराशीच्या कौतुकात विसरतो. मोड आपोआप निवडली जात नाही. कुदळवाडीत पत्र्याच्या शेडमधून लाकूड वेगळे, पत्रा वेगळा, पुठ्ठा वेगळा करणारी माणसे होती. बरीचशी उत्तर प्रदेश-बिहारची. आमच्या पहिल्या वर्षीच्या फळ्या तिथल्याच. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथली चार हजारांवर बांधकामे पाडली. बांधकामे अनधिकृत होती, आगी लागत होत्या, इंद्रायणीत घाण जात होती, हे सारे खरे आहे, आणि इंद्रायणीकाठी राहणाऱ्याने त्या घाणीची बाजू घेऊ नये. परंतु एवढ्या कारखान्यांचा टाकाऊ माल कुणीतरी निवडणारच. त्याला रीतसर जागा द्यायला हवी होती, असे माझे मत आहे. दुसऱ्या वर्षी फळ्या शोधायला आम्ही गेलो तेव्हा ओळखीचा माणूस सापडला नाही. कुठे गेला कुणालाच सांगता आले नाही.

यावर कुणी विचारील, मग तुझे म्हणणे तरी काय? जुने मांडावे की मांडू नये? मी मांडते. मात्र जे मांडते ते कामात असावे असा माझा आग्रह असतो: दिव्यात तेल, घंगाळात पाणी, पातेल्यात नैवेद्याची खीर. विकत घेताना मोडीच्या भावाच्या वर चार पैसे द्यावेत, कारण आपण पितळ घेत नसून कुणाच्या तरी घरातून निघालेली वस्तू घेत असतो. आणि ज्या वस्तूवर घरातल्या म्हाताऱ्या माणसाची हरकत असेल ती मुकाट्याने आत न्यावी. आमचे जाते माजघराच्या कोपऱ्यात पोत्याखाली आहे. विकायचेही नाही, असे आजीनेच सांगितले आहे. त्याचे कारण मी विचारलेले नाही.

यंदा ओसरीवर झोपाळा बांधून त्यावर गौरी बसवण्याचा आमचा बेत आहे. तुळई भक्कम आहे, पाट सागवानी मिळाला आहे. पितळी कड्या मात्र तीनच जमल्या आहेत, आणि चौथी त्या मेळाची हवी. साधारण वीतभर लांब, दोन्ही टोकांना आकडा. वाचकांपैकी कुणाचे जुने घर उतरवायचे ठरले असेल, तर टेम्पो दारात येण्याआधी मला वर्गात गाठावे. भाव मोडीपेक्षा जास्त देऊ.