पिशवी का काढली?

"पेशंटचीच इच्छा आहे, सर."

एमएसच्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा मला सांगत होता. केसपेपरवर वय तीस, दोन मुलं, नसबंदी झालेली, तक्रार अंगावरून पांढरं जाण्याची. खाली ठसठशीत अक्षरात निर्णय: गर्भाशय काढणे. बाई पाथर्डी तालुक्यातली. दसरा झाला की ऊसतोडीला, कोयत्यावर निघायचं, उचल घेऊन खर्चूनही झालेली, एक खाडा पडला तरी मुकादम पैसे कापणार. "सायेब, काढून टाका एकदाची कटकट," असं ती म्हणाली, हे खरंच. पण ही 'इच्छा' तिच्या पोटात आपोआप उगवली नव्हती. सोनोग्राफीच्या कागदावर 'पिशवीला सूज' आली आणि कुणीतरी वर 'पुढं कॅन्सर होईल' अशी फोडणी घातली.

मी विचारलं, पॅप स्मिअर? नाही. स्पेक्युलम घालून निदान बघितलं तरी? "सर, ओपीडीला गर्दी होती." जंतुसंसर्गाचं औषध, गरज असेल तर नवऱ्यालाही? नाही. हिमोग्लोबिन मात्र केलं होतं. भुलीच्या फिटनेसला लागतं ना!

मग म्हटलं, ऑपरेशनच्या पायऱ्या सांग. गडी खुलला. राउंड लिगामेंटपासून सुरुवात करून मूत्रनलिका कुठे जपायची, युटेराइन आर्टरी कुठे बांधायची, सगळं एका दमात. हात चांगला आहे पोराचा. 'कसं' तोंडपाठ, 'का' विचारलं की तोंडाला कुलूप.

यात त्याचा दोष रुपयात चार आणे. बारा आणे आम्हा शिकवणाऱ्यांचे.

२०१९ साली बीडचं प्रकरण गाजलं. तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली, असा आकडा विधान परिषदेत सांगितला गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी गेलेली निघाली. आम्ही प्राध्यापक मंडळींनी चहा पिता पिता खासगीवाल्यांना यथेच्छ शिव्या घातल्या. नगरला तर बीडकडे बोट दाखवणं फारच सोयीचं. पण त्या बायका ऊस तोडतात तो आमच्याही कारखान्यांचा, आणि पाथर्डी-शेवगावच्या टोळ्या त्यांच्याच शेजारच्या फडात असतात. शिवाय ते सर्जन काय आकाशातून पडले? कुठल्यातरी कॉलेजात, कुठल्यातरी सरांच्या हाताखालीच ते शिकले. त्या सरांनी त्यांना 'का' विचारलं नव्हतं. मीही कैक वर्षं विचारलं नाही. यादी समोर यायची, मी सही ठोकायचो.

आमचं लॉगबुक बघा. ऑपरेशनं पाहिली किती, मदत केली किती, स्वतः केली किती, असे रकाने. 'करायचं नाही असं ठरवलं' याला रकानाच नाही. महिनाभर औषध देऊन, हार्मोनची तांबी बसवून एखादीचं गर्भाशय वाचवणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत त्या दिवसाची ओळ कोरी. आणि सहकारी मला म्हणतात, केसेस नकोत तर पोरांचा हात कसा बसणार? म्हणजे हात यांचा बसायचा आणि पोट ऊसतोडीवालीचं फाटायचं!

सगळ्यात मोठा शिक्षक तर आम्ही फाइलीत कोंडून ठेवलाय. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीकडे जाते, काही दिवसांनी रिपोर्ट येतो. 'क्रॉनिक सर्व्हिसायटिस, प्रोलिफरेटिव्ह एंडोमेट्रियम.' भारदस्त नावं आहेत. साध्या मराठीत, पाळी येणाऱ्या कुठल्याही बाईच्या पिशवीत जे सापडतं, तेच. तोवर बाईचे टाके निघालेले असतात आणि रिपोर्ट फाइलीला टाचला जातो. हे रिपोर्ट दर सोमवारी, ज्यानं केसपेपरवर कारण लिहिलं त्याच्याच तोंडून, सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून घ्या. दोन सोमवारांत पोरं शहाणी होतील. सरही होतील, म्हणून तर कुणी हे करत नाही.

एमबीबीएसला २०१९ पासून नीती आणि संवादाचा पाठ आलाय, म्हणे. पोरं त्याची उत्तरं गाइडातून पाठ करतात.

आमच्याच नगर जिल्ह्यात, जामखेडला, रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० साली काम सुरू केलं. अक्षरओळख नसलेल्या खेड्यातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. त्या बायका काय शिकल्या? मूल आजारी का पडलं, पाणी कुठलं, घरात खायला काय. आधी कारण, मग औषध. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे मिळालं. ज्यांना सही येत नव्हती त्यांना जमलं ते आमच्या एमएसवाल्यांना जमू नये?

एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांवर देखरेखीच्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. चांगलंच झालं. पण चौकीदार नेमून विचार करणारा सर्जन तयार होत नाही.

पाथर्डीच्या त्या बाईला मी औषधं दिली, समजावलं, पंधरा दिवसांनी बोलावलं. ती आली नाही. हंगाम संपून पट्टा पडल्यावर कळलं, दसऱ्याच्या आधीच दुसऱ्या गावात तिची पिशवी निघाली होती.

परीक्षक म्हणून जाणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, प्रॅक्टिकलच्या टेबलावर फॉर्मालिनच्या बरणीत गर्भाशय ठेवलेलं असतंच. या वर्षी त्याची लांबी-रुंदी विचारू नका. एवढंच विचारा: हे बरणीत का आलं? उत्तर नाही आलं तर नापास करा.