सातवी रेघ

भंडारा जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. तुमसर, मोहाडी, भंडारा, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी या तालुक्याच्या सात गावांवर एकेक ठिपका द्या. आता असे समजा, की ही गावे तारेने जोडायची आहेत आणि तार कमीत कमी लागली पाहिजे. कोणती तार कोठून न्याल?

सात ठिपके दोन-दोन करून जोडले तर २१ रेघा होतात. पण सगळी गावे जोडायला सहाच पुरतात. अशा सहा रेघांच्या आकृतीत कोठेही बंद फेरा नसतो. गणितात तिला ‘वृक्ष’ म्हणतात. असे वृक्ष किती? आर्थर केली यांच्या १८८९ सालच्या सूत्राप्रमाणे सातचा पाचवा घात, म्हणजे १६,८०७!

सुदैवाने तितक्या बेरजा कराव्या लागत नाहीत. ओटाकार बोरुवका यांनी मोराव्हिया प्रांतातील विजेच्या जाळ्यासाठी हा प्रश्न १९२६ साली सोडवला. जोसेफ क्रुस्कल यांची १९५६ सालची रीत फारच सोपी आहे. सर्वांत आखूड रेघ आधी घ्या, मग तिच्याहून लांब, असे करीत जा. जिच्यामुळे बंद फेरा होईल ती रेघ सोडून द्या. पट्टीने सरळ अंतरे मोजून करून पाहा. तुमसर–मोहाडी ही रेघ पहिली येईल. भंडारा–लाखनीही येईल, आणि ती वैनगंगा ओलांडते.

उत्तर बरोबर आले. तरी मला ते अपुरे वाटते. वृक्षाची एक फांदी तुटली की त्याचे दोन तुकडे होतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात पाणी शिरले. अशा वेळी आपली भंडारा–लाखनी तार तुटली तर? भंडारा, मोहाडी, तुमसर एकीकडे आणि उरलेली चार गावे दुसरीकडे. निरोप पोचण्याची ज्या दिवशी सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी तो अडकणार.

म्हणून मी भंडारा–पवनी ही सातवी रेघ जोडीन. तार वाढेल, खर्च वाढेल. पण भंडाऱ्याहून निघून लाखनी आणि पवनीवरून परत भंडाऱ्याला येणारा फेरा तयार होईल आणि नदी पार करायला दोन वाटा मिळतील. त्या फेऱ्यातील कोणतीही एक तार तुटली तरी सातही गावे जोडलेलीच राहतील. तुमसर मात्र अजून एकाच तारेवर आहे. त्यासाठी आठवी रेघ कोठून काढावी, हे तुम्ही ठरवा.

शिक्षकांना एक विनंती. ‘सर्वांत कमी तार किती?’ हा प्रश्न फळ्यावर लिहाल, तेव्हा त्याखाली ‘एक तार तुटली तर काय?’ हाही लिहावा. पहिला प्रश्न सोडवल्याशिवाय काटकसर कळत नाही. दुसरा विचारल्याशिवाय ती कोठे थांबवावी, हे कळत नाही.