दोनशे मिलिमीटरवरची माऊली

आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात येतात, तेव्हा लक्ष्मी रोडवर दुकानांच्या पायऱ्यांवर ७०-२०० झूम लावून आमची आयटीतली पोरं दबा धरून बसलेली असतात. दबाच. दुसरा शब्द नाही.

मीही त्यातलाच. पहिल्या बोनसमधून सेकंड हँड ७०-२०० घेतली आणि त्याच वर्षी डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींचा चेहरा टिपला. सुरकुत्या, घाम, मागे मऊ धूसर रंग. लाइक्स भरपूर. आजींना याचा पत्ताही नाही. आणि त्या कुठल्या गावच्या, हे मला माहीत नाही.

‘स्ट्रीटसाठी लेन्स कोणती घेऊ?’ असं विचारलं की जाणकार मंडळी ‘तुझ्या स्टाइलवर आहे’ म्हणून हात झटकतात. मी झटकणार नाही. ३५ घे, नाहीतर २८. झूम घरी ठेव.

लेन्स पर्स्पेक्टिव्ह बदलते, हा गैरसमज आहे. ते ठरतं आपण किती लांब उभे आहोत त्यावरून. लेन्स फक्त चौकट कापते. फुल फ्रेमवर, उभ्या चौकटीत कमरेपर्यंतचा माणूस भरायला २०० मिमीवर साडेपाच मीटर लांब राहता येतं. ३५ वर जेमतेम एक मीटर. एका मीटरवर बुक्क्याचा वास येतो आणि समोरचा माणूस आपल्याकडे बघतो. आपण पैसे मोजतो ते हे बघणं टाळण्यासाठी.

(कार्तिए-ब्रेसाँ ५० वापरायचा म्हणून स्वस्तातली ५० घेणाऱ्यांनो, तुमच्या एपीएस-सी बॉडीवर ती ७५-८० सारखी वागते. ती ५० ही नव्हे. आणि खिशातल्या मोबाइलची मुख्य लेन्स साधारण २४-२६ च्या तोडीची असते. तेव्हा खर्चाचं कारण सांगू नका.)

सॉल लायटर लांब लेन्स वापरायचा, हे मान्य. पण त्याच्याकडे वाफाळलेल्या काचा होत्या, छत्र्या होत्या, बर्फ होता. त्याला कुणाच्या सुरकुत्या विकायच्या नव्हत्या. आणि जवळ गेलं की सगळं पवित्र होतं असंही नाही. ब्रूस गिल्डन न्यूयॉर्कमध्ये अनोळखी माणसाच्या तोंडावर फ्लॅश मारतो, त्याला मी धाडस म्हणत नाही.

गेल्या वर्षी ३५ घेऊन दिंडीत शिरलो. चार-पाच फोटो हलले, दोघांनी हाताने नको म्हटलं, तिथे कॅमेरा खाली केला. एका आजोबांनी मात्र टाळ थांबवून विचारलं, “कुठल्या पेपरात येणार?”

“कुठल्याच नाही, माऊली.”

“मग मला कसा दिसणार?”

पायऱ्यांवर बसून हा प्रश्न कधी ऐकूच आला नव्हता. त्यांनी नातवाचा व्हॉट्सॲप नंबर दिला. रात्री फोटो पाठवला. सकाळी नातवाचं उत्तर आलं: ‘डोळे मिटलेत. दुसरा नाही का?’

नव्हता.