घरांतील ॲम्प्लिफायर आणि वॉटचा मोह

परीक्षेचे निकाल लागले कीं घरोघरीं बक्षिसाचा विषय निघतो. पूर्वीं सायकल किंवा मनगटी घड्याळ यांवर तो मिटत असे. अलीकडे "घरांत चांगला स्टिरिओ संच घ्यावा" अशी मागणी पुष्कळ मुलें करूं लागलीं आहेत. मागणी वाईट नाहीं. परंतु पालक दुकानांत गेले म्हणजे तेथें पांचशें वॉट, हजार वॉट, पांच हजार वॉट असे आंकडे त्यांच्या पुढें मांडले जातात आणि ते बिचारे गोंधळून जातात. याविषयीं आमचें मत आरंभींच स्पष्ट सांगतों. संगीताची आवड असलेल्या घरांत साधा स्टिरिओ संच असणें ही चैन नव्हे. पण त्यांतील ॲम्प्लिफायर खोक्यावरचा वॉटचा आंकडा पाहून निवडणें यांत मात्र पैसा, कान आणि शेजारधर्म या तिहींचें नुकसान आहे.

प्रथम वस्तु समजून घेऊं. संचाचे भाग तीन. एक, गाणें पुरविणारें साधन, मग तो मोबाइल असो, टी.व्ही. असो, रेडिओ असो किंवा तबकड्यांचा प्लेअर असो. दुसरा, त्या साधनांतून येणाऱ्या क्षीण विद्युत्-संदेशास बळ देणारा ॲम्प्लिफायर. तिसरा, त्या बळाचें ध्वनींत रूपांतर करणारे दोन स्पीकर. स्टिरिओ म्हणजे डावा व उजवा असे दोन स्वतंत्र मार्ग. मनुष्यास दोन कान आहेत, तेव्हां ध्वनिहि दोन मार्गांनीं टिपावा व दोन मार्गांनींच ऐकवावा, ही कल्पना इंग्लंडांतील ॲलन ब्लूमलाइन या इंजिनियरानें १९३१ सालीं पेटंटासाठीं मांडली; आणि स्टिरिओ तबकड्या बाजारांत आल्या त्या १९५८ च्या सुमारास. यावरून हेंहि ध्यानांत येईल कीं, अब्दुल करीमखां किंवा बालगंधर्व यांच्या ज्या जुन्या तबकड्या आजोबांच्या पेटींत जपून ठेविलेल्या असतात, त्या सर्व एकाच मार्गाच्या आहेत. त्या दोन स्पीकरांवर सुखानें ऐकाव्या. मात्र यंत्र कितीहि महाग घेतलें तरी त्यांतून डावें-उजवें निघणार नाहीं.

आतां वॉटकडे वळूं. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हा गुणाकार आमचे दहावीचे विद्यार्थी वर्गांत रोज करितात. तोच त्यांनीं दुकानांत करावा. लहान ॲम्प्लिफायरास वीज पुरविणारा जो अडॅप्टर असतो, त्यावर "१२ व्होल्ट, २ अँपिअर" असें छापलेलें असलें तर त्यांतून सतत मिळणारी शक्ति २४ वॉट होय. तिच्यांतील कांहीं भाग उष्णतेंत जाणार आणि उरलेली दोन बाजूंस वांटली जाणार. म्हणजे प्रत्येक स्पीकरास दहा वॉट मिळाले तरी पुष्कळ झालें. मग त्याच खोक्यावर "५०० वॉट" हा आंकडा कोठून आला? तो आला "पी.एम.पी.ओ." या तीन-चार अक्षरांच्या आडून. क्षणाच्या अगदीं लहान अंशापुरता, मनाला येईल त्या रीतीनें काढलेला हा आंकडा आहे. त्यास एकच एक मान्य मोजमाप नाहीं. शक्ति शून्यांतून निर्माण होत नाहीं हा पदार्थविज्ञानाचा नियम जाहिरातीसाठीं शिथिल होत नसतो.

ही लबाडी आमच्याच देशांत चालते असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंत ती इतकी बोकाळली होती कीं, तेथील व्यापार आयोगास १९७४ सालीं घरगुती ॲम्प्लिफायरची शक्ति कशी मोजावी व कशी जाहीर करावी याचा खास नियम करावा लागला, आणि २०२४ सालीं तो पुन्हां अधिक कडक करावा लागला. ग्राहकानें तेथून एवढेंच शिकावें: आंकडा "आर.एम.एस." म्हणजे सतत शक्तीचा आहे काय, तो किती ओहमच्या स्पीकरावर मोजला आहे, आणि त्या वेळीं आवाजांत बिघाड किती टक्के होता, हे तीन प्रश्न विचारावे. ज्या यंत्राच्या पुस्तिकेंत या तिहींचीं उत्तरें आहेत, त्याचे वीस वॉट हे उत्तरें नसलेल्या यंत्राच्या पांचशें वॉटांहून अधिक विश्वासाचे होत.

परंतु घरांत शक्ति लागते तरी किती? ध्वनि डेसिबलमध्यें मोजतात. साधें संभाषण सुमारें ६० डेसिबलचें असतें. सामान्य घरगुती स्पीकरास एक वॉट दिला तर एक मीटर अंतरावर तो ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. एक वॉट! दहा बाय बाराच्या खोलींत बसून ऐकणाऱ्या कुटुंबास बहुतेक वेळ याचाहि लहानसा अंशच लागतो. तबल्याची थाप किंवा गायकाची उंच तान आली म्हणजे क्षणभर दहा-पंधरा वॉट लागतील, तेवढा सांठा असावा. येथें आणखी एक गणित आहे, तें दुकानदार सांगत नाहीं. शक्ति दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलनें वाढतो; कानास दुप्पट वाटावा एवढा आवाज वाढविण्यास शक्ति ढोबळ मानानें दसपट लागते. म्हणून पन्नास वॉटच्या जागीं शंभर वॉटचें यंत्र घेणारा गृहस्थ पैसे पुष्कळ अधिक देतो आणि फरक ऐकतो तो जेमतेम. आमच्या मतें लहान घरास प्रत्येक बाजूस खरे पंधरा ते तीस वॉट ही शक्ति भरपूर आहे.

यावर आमच्या द्वारका भागांतील रहिवासी एक आक्षेप घेतील. मुंबई–आग्रा आणि नाशिक–पुणे हे दोन मोठे रस्ते ज्या चौकांत एकमेकांस मिळतात, तेथें वाहनांचा व भोंग्यांचा कोलाहल रात्रीं उशिरापर्यंत चालतो. त्या कोलाहलांत गाणें ऐकावयाचें तर मोठें यंत्र नको काय? आमचें उत्तर असें कीं, कोलाहलावर कोलाहल हा उपाय नव्हे. रस्त्याकडची खिडकी लावून घ्यावी, तीस जाड पडदा लावावा आणि स्पीकरांच्या जवळ बसावें. मोकळ्या जागेंत अंतर निम्मे केलें कीं ६ डेसिबलांची वाढ होते, म्हणजे चौपट शक्तीचें काम खुर्ची पुढें सरकविल्यानें होतें. बंद खोलींत लाभ थोडा कमी होतो, पण तो फुकट असतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी वस्तींत दिवसां ५५ आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकींतील आवाजाबद्दल कुरकूर करणाऱ्या आम्हीं आपल्या भिंतीपलीकडे आजारी मनुष्य किंवा अभ्यास करणारें मूल आहे काय, याचाहि विचार केला पाहिजे. नाशिक ढोलाचें नांव महाराष्ट्रभर गाजतें आणि त्यास विजेचा एक वॉटहि लागत नाहीं. पण त्याची जागा मैदानांत आहे, शयनगृहांत नव्हे.

मग पैसा खर्चावा कशावर? आमचा हिशेब असा: संचासाठीं दहा रुपये काढले असतील तर त्यांतील सहा स्पीकरांवर, तीन ॲम्प्लिफायरवर आणि एक तारा व किरकोळ वस्तूंवर खर्चावा. कारण बरे म्हणविणाऱ्या दोन ॲम्प्लिफायरांच्या आवाजांत जो फरक असतो, त्याच्या कितीतरी पट फरक दोन स्पीकरांत असतो. ॲम्प्लिफायर घेतांना त्याचे जोड मात्र आपल्या उपयोगाचे आहेत काय, हें पाहावें. मोबाइलसाठीं ब्लूटूथ, टी.व्ही.साठीं योग्य जोड आणि तबकड्यांसाठीं "फोनो" असें लिहिलेला वेगळा जोड. या शेवटच्या जोडाकडे पुष्कळांचें दुर्लक्ष होतें. चुंबकीय सुईच्या प्लेअरमधून येणारा संदेश एका व्होल्टच्या कांहीं सहस्रांशाइतका क्षीण असतो, शिवाय तबकडी कापतांना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले व वरचे वाढविलेले असतात. तें सर्व पूर्ववत् करण्याचें काम फोनो जोडामागील मंडल करितें. तें ॲम्प्लिफायरांत किंवा प्लेअरांत कोठेंतरी असलें पाहिजे. नाहींतर गाणें दूरच्या विहिरींतून आल्यासारखें बारीक व कर्कश ऐकूं येतें. स्पीकर किती ओहमचा आहे हेंहि जुळवून घ्यावें. ॲम्प्लिफायर ज्या मर्यादेसाठीं केला आहे तिच्याहून कमी ओहमचा स्पीकर जोडल्यास यंत्र तापून निकामी होण्याचा संभव असतो.

बाजारांत आज दोन जातींचे ॲम्प्लिफायर दिसतात. "क्लास डी" पद्धतीचे लहान, हलके, वीज थोडी खाणारे व फारसे न तापणारे. आणि "क्लास एबी" पद्धतीचे जड रोहित्र असलेले, अधिक तापणारे, परंतु पुष्कळदां गल्लींतील कारागिरालाहि दुरुस्त करतां येणारे. साध्या घरास पहिली जात पुरते, आणि तींत थोड्या हजारांत समाधानकारक वस्तु मिळते. जुना माल घेणाऱ्यांनीं मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्याची बुधवार पेठ अवश्य पाहावी. सोनोडाइन, कॉस्मिक, फिलिप्स यांचे जुने संच अजून हातीं लागतात. मात्र तीस-चाळीस वर्षांच्या यंत्रांतील कॅपॅसिटर सुकलेले असण्याचा संभव असतो, तेव्हां किंमत ठरवितांना दुरुस्तीचा खर्चहि तींत धरावा.

दुकानांत परीक्षा कशी करावी? आपल्या परिचयाचीं दोन-तीन गाणीं बरोबर न्यावीं. त्यांत एक तंबोऱ्यावर गायिलेलें असावें, एक साध्या बोलण्याचें. गाणें न लावतां आवाज बराच वाढवून स्पीकराशीं कान न्यावा. सूं किंवा घूं असा नाद मोठा असेल तर वस्तु ठेवून द्यावी. नंतर आवाज हलका ठेवून ऐकावें, कारण घरांत आपण तसेंच ऐकणार आहों. दोन यंत्रांची तुलना करतांना दोहोंचा आवाज सारखा करवून घ्यावा. जो किंचित् मोठा असतो तोच कानास सरस वाटतो, आणि विक्रेत्यास हें मर्म पूर्ण ठाऊक असतें. अडॅप्टरवर भारतीय मानक चिन्ह आहे काय तें पाहावें व पावती मागून घ्यावी. महागड्या तारांच्या नादीं लागूं नये. तांब्याची साधी, पुरेशी जाड दुपदरी तार घरगुती अंतरास उत्तम काम देते.

घरीं आणल्यावर दोन्ही स्पीकर एकाच कपाटावर खेटून ठेवणें म्हणजे स्टिरिओसाठीं दिलेले पैसे बुडविणें होय. दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि स्पीकर कानाच्या उंचीवर असावे. उघड्या फरशीच्या व रिकाम्या भिंतींच्या खोलींत आवाज घुमतो. तेथें सतरंजी अंथरावी, पडदा सोडावा, पुस्तकांची मांडणी ठेवावी. या सुधारणेस वॉट लागत नाहीं.

कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? प्रत्येकाच्या कानांत आपापले इअरफोन आहेतच. आमच्या मतें हाच या प्रश्नाचा खरा गाभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं अशा व्यक्तिगत साधनांसाठीं जी मर्यादा सुचविली, ती प्रौढांस आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांस त्याच वेळेपुरती ७५ डेसिबल अशी आहे. आगगाडींत किंवा बसमध्यें आवाज चढवून ऐकणारीं मुलें ती सहज ओलांडतात, आणि ऐकण्याची गेलेली शक्ति बहुधा परत येत नाहीं. याहून मोठी हानि ही कीं, एका छपराखालीं चार माणसें चार निरनिराळीं गाणीं ऐकतात आणि कोणाचें गाणें कोणास ठाऊक नसतें. आजीस आवडणारें नाट्यपद नातवाच्या कानीं पडलें पाहिजे आणि नातवाचें नवें गाणें आजीनें एकदां तरी ऐकून नांवें ठेवलीं पाहिजेत. आवडनिवड अशीच घडते. केवळ बातम्या ऐकावयाच्या असतील तर एकखोकी स्पीकर पुरे. पण जेथें गाणें ऐकावयाचें आहे तेथें हा साधा संच घ्यावा.

म्हणून पालकांस आमची सूचना अशी कीं, मुलांची मागणी एकदम झिडकारूं नये आणि एकदम पुरवूंहि नये. खोलीचें माप घेणें, अडॅप्टरवरील गुणाकार करणें, तीन दुकानांतील किंमती लिहून आणणें हें काम मुलांवर सोंपवावें व त्यांचा हिशेब घरांत सर्वांसमक्ष ऐकावा. विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें कीं, ॲम्प्लिफायर हा संचांतील चाकर आहे. त्यानें आपलें अस्तित्व जाणवूं न देतां काम करावें. ज्या घरीं रात्रीं जेवणानंतर अर्धा तास सर्व मंडळी एकत्र बसून हलक्या आवाजांत एखादी बंदिश ऐकतात, तेथें पंधरा वॉट पुरून उरतात.